टोंगळे आमचे, टेंडर तुमचं

प्रति,
कोराडी-महादुला परिसरात कँटीनच्या निविदा काढणारे आणि त्यांवर सही करणारे, रेशनची यादी ठरवणारे, महाप्रसादाचा शिधा उतरवून घेणारे आणि तालुक्याचं आरोग्य सांभाळणारे सर्व मान्यवर,



मी महादुल्यात मेस चालवते. यंदा एकोणीस वर्षं झाली. त्याआधी गृहविज्ञानाची पदवी घेतली होती, ती भिंतीवर टांगलेली आहे आणि फोडणीच्या धुरानं पिवळी पडली आहे. माझ्या मागच्या दारातून कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्यांच्याखाली कोळसा हाताळणारे, राखेचे पाइप सांभाळणारे, झाडलोट करणारे, वेल्डिंग करणारे साठ जण दुपारी माझा डबा खातात. बहुतेक सगळे कंत्राटी.

सकाळी साडेपाचला माझ्याकडे पहिला आवाज होतो तो तेलाच्या पिप्याचा. पंधरा किलोचा पिपा. तो उचलण्याआधी मी डाव्या टोंगळ्याला विचारून घेते, जमेल का बापा? (नागपूरबाहेरच्या साहेबांसाठी सांगते, टोंगळा म्हणजे गुडघा. बदली होऊन आलेल्यांना इथे पहिल्या आठवड्यात दोन शब्द शिकावे लागतात, टोंगळा आणि तर्री, म्हणजे रश्श्यावरचा लाल तेलाचा तवंग.) हे पत्र या दोन शब्दांच्या नात्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला वजन उतरवायला सांगितलं. घरी आले आणि रागारागानं मेसच्या वहीत तेलाचा हिशेब मांडला. महिन्याला चार पिपे, म्हणजे साठ किलो. खाणारे साठ. माणशी किलोभर झालं. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर एका डब्यात अडतीस ग्रॅमच्या वर तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दोन हजार कॅलरींच्या पूर्ण दिवसाच्या जेवणात तेला-तुपाला जागा आहे सुमारे सत्तावीस ग्रॅमची. अंगमेहनतीच्या माणसाला थोडं जास्त लागतं, कबूल. पण मी एकाच जेवणात अडतीस देत होते. नंतर रात्रीचं जेवण, आणि सकाळी चौकात तर्री-पोहे झालेलेच असतात. त्या हिशेबाचा कागद अजून माझ्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग कर की कमी, आम्हाला पत्र कशाला? केलं, त्याचं पुढे सांगते. पण आधी हे ऐका. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराच्या मजुरांसाठी मी डबे देत होते. त्याचं नाव घेत नाही, तो आता या भागात नाहीही. मी त्याला म्हटलं, आठवड्यातून दोन दिवस ज्वारीची भाकरी, सोबत जवसाची चटणी देते, तेल निम्म्यावर आणते. तो हसून म्हणाला, "ताई, भाकर कागदावर नाही." कागदावर होतं: पोळ्या चार, भात, वरण, एक सुकी भाजी, एक रस्साभाजी, शुक्रवारी गोड. तेल किती, कोणतं, यावर चकार शब्द नाही. दर मात्र पैशापर्यंत लिहिलेला. आणि ज्याचा दर सगळ्यात खाली, तो एल-वन. भाकरीला थापणारे हात लागतात, हात महाग पडतात, म्हणून एल-वनच्या ताटात भाकरी येतच नाही. तेल मात्र येतं. बेचव भाजी झाकायला तर्रीइतकं स्वस्त काही नाही, हे मी धंद्यातली बाई म्हणून सांगते.

म्हणून पत्र तुम्हाला. आमच्या ताटात काय पडतं ते आम्ही ठरवत नाही. ते निविदेच्या परिशिष्टात ठरतं, आणि त्यावर सही तुमची असते.

जेवणाचा आणि सांधेदुखीचा संबंध खरंच आहे का, की ही व्हॉट्सॲपवरची विद्या, असं कुणी विचारेल. विचारावंच. त्या विद्येत भुसा फार आहे. पण दाणेही आहेत.

पहिला दाणा वजनाचा. पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. ते आता जुनं झालं. चरबीच्या पेशी रक्तात अशी रसायनं सोडतात की शरीरात बारीक आच सतत पेटती राहते. त्यातल्या एकाचं नाव इंटरल्युकिन-६. जाड माणसाचे गुडघे झिजतात ते ओझ्यानं, हे कुणीही सांगेल. पण जाड माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त झिजतात. बोटांवर कुणी चालत नाही! मग तिथे कसलं ओझं? तिथे ही आच असते. अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या मंडळींनी ४५४ वयस्क, वजनदार, गुडघेदुखीच्या लोकांवर दीड वर्ष अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणाला नुसता व्यायाम, कुणाला नुसता आहार, कुणाला दोन्ही. ज्यांनी दोन्ही केलं त्यांचं वजन सरासरी दहा किलोहून जास्त उतरलं आणि दुखणं सगळ्यांत कमी झालं. रक्तातलं ते इंटरल्युकिन-६ आहार बदललेल्या दोन्ही गटांत नुसत्या व्यायामापेक्षा जास्त खाली आलं. त्याच चमूच्या आधीच्या मोजमापात निघालं होतं की अंगावरचं एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो. कन्व्हेयरच्या जिन्यावरून शिफ्टमध्ये दहादा चढउतार करणाऱ्याला हा हिशेब कळायला शाळा लागत नाही.

दुसरा दाणा पायाच्या अंगठ्याचा. माझ्या डब्याचा एक जुना गिऱ्हाईक, वेल्डर. मे महिन्यात एका रात्री त्याचा अंगठा टोमॅटोसारखा लाल झाला, पंख्याचा वारा लागला तरी ओरडायचा. गाऊट. युरिक ॲसिडचे काटेरी स्फटिक सांध्यात जमतात आणि अंग त्यांच्यावर तुटून पडतं. पाणी कमी पडलं की रक्तातलं युरिक ॲसिड दाट होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो, त्यात हा माणूस अंगभर जाड कपडे घालून आगीशी बसलेला, घामानं निथळणारा. तहान भागवायला पाणी नाही, तर कोल्ड्रिंकची बाटली. त्यातली साखर, नेमकं सांगायचं तर फ्रुक्टोज, शरीरात युरिक ॲसिड वाढवते. रात्री बिअर, तीही वाढवते. शनिवारी सावजी मटण, तेही थोडी भर घालतं. आणि दुखलं की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी. आधीच सुकलेल्या मूत्रपिंडाला ती गोळी म्हणजे भर उन्हात अनवाणी चालवण्यासारखं.

त्याला शेजाऱ्यांनी काय सांगितलं? डाळ बंद कर, पालक बंद कर. अमेरिकेतच सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांचा बारा वर्षं मागोवा घेतलेला एक अभ्यास २००४ मध्ये आला. मांस आणि समुद्री मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला. डाळी, शेंगा, पालक खाणाऱ्यांत नाही. कमी स्निग्धांशाचं दूध-दही खाणाऱ्यांत तर कमी दिसला. म्हणजे आमच्या वेल्डरनं नेमकं जे खायला हवं तेच सोडलं, आणि कोल्ड्रिंक चालू ठेवलं. त्याच्या डब्यात मी आता रोज पातळ ताक देते. फुकट. ही जाहिरात नाही, माझ्या एका जुन्या अपराधाची भरपाई आहे. मेसच्या फ्रिजात कोल्ड्रिंक विकायला मीच ठेवली होती.

तिसरी गोष्ट सांगताना मला हसू येतं आणि रागही. "आंबट खाऊ नकोस, सांधे धरतील." हे वाक्य कोराडीत प्रत्येक टोंगळ्यावर लिहिलेलं आहे. संत्र्याच्या नागपुरात म्हातारी माणसं संत्रं सोडून बसली आहेत! लिंबू नाही, ताक नाही, चिंच नाही, टमाटर नाही, वांगं तर वातूळच. आंबट चवीनं सांधे धरतात याला धड पुरावा नाही. उलट संत्र्यातलं क जीवनसत्त्व युरिक ॲसिड थोडं कमी करतं, आणि ताकातलं कॅल्शियम हाडांना लागतंच. कुणाला एखादा पदार्थ खाल्ल्यावर खरंच त्रास होत असेल तर त्यानं तो सोडावा, त्याच्या पोटाशी मी भांडत नाही. पण सगळ्या गावानं पथ्य म्हणून पोषणच सोडायचं, आणि रेटून खायचं काय, तर बिस्कीट आणि चहा? आरोग्य अधिकाऱ्यांनी भिंतींवर काही रंगवायचंच असेल तर आधी हे रंगवावं.

अंग ठणकण्याचंही एक कारण ताटात आहे. ड जीवनसत्त्व कमी पडलं की मांड्या भरून येतात, जिना चढताना हात टेकावे लागतात. बी-१२ कमी पडलं की हातापायाला मुंग्या येतात. एवढ्या उन्हाच्या गावात ड कसं कमी पडतं? नाइट शिफ्ट करून दिवसा झोपणारा, अंग झाकून आत काम करणारा माणूस ऊन पाहतो ते खिडकीतून. बी-१२ दूध-दही, अंडी, मांस-मासे यांतून येतं. शाकाहारी ताटात आठवड्यातून दोनदा वाटीभर दही टाकायला परिशिष्टात एक ओळ पुरते.

आमवाताबद्दल मात्र हात जोडून सांगते, कारण या गावात एका बाईनं हळदीच्या नादानं डॉक्टरांची गोळी सोडली आणि वर्षात तिची बोटं वाकडी झाली. आमवात हा अंगाचं अंगावरच उलटणं आहे. त्यात आहाराची मदत होते, पण ती गोळीच्या जोडीला. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती मीही वापरते, तिचा रंगच वेगळा. पण भाजीतल्या चिमूटभर हळदीतला कर्क्युमिन अंगी फार कमी लागतो. हळद भाजीत असू द्या, औषधाच्या खोक्यात नको. नॉर्वेतल्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आमवाताच्या रुग्णांना आधी सात ते दहा दिवसांचा उपास आणि मग वर्षभर शाकाहार देऊन पाहिला, त्यांचं दुखणं कमी झालं. हे वाचून मला आपल्या कोराडीच्या जगदंबेच्या नवरात्रातले उपास आठवले. फरक एवढाच की आपला उपास साबुदाणा, शेंगदाणे आणि तळलेल्या आलूच्या पापडांवर चालतो. देवीला तो चालत असेल, टोंगळ्यांना चालेल असं वाटत नाही.

देवस्थानाचा विषय निघालाच आहे तर बोलून घेते. जानेवारी २०२४ मध्ये कोराडीच्या मंदिरात शेफ विष्णू मनोहरांनी सहा हजार किलोंचा रामहलवा केला, तेव्हा मीही गर्दीत होते आणि द्रोण भरून खाल्ला. प्रसाद गोडच असावा, त्यात मला बदल नको. पण जिथे एवढी मोठी कढई चढू शकते तिथे नवरात्राच्या रांगेत उभ्या लेकुरवाळ्यांना, म्हाताऱ्यांना ताक आणि संत्र्याची फोड देणं विश्वस्तांना काय जड आहे?

आता जवसाकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे. माझी आजी भंडाऱ्याकडची. धानाची लोंबी उभी असतानाच त्या ओल्या बांधीत जवस, लाखोळी फेकायची, त्याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, धान कापलं की खालून निळी फुलं. घाण्यावरचं जवसाचं तेल तिच्या घरात फोडणीला होतं. आज जवसाचं तेल मागितलं तर दुकानदार रंगाच्या दुकानाकडे बोट दाखवतो, पोरं ते क्रिकेटच्या बॅटला लावतात. (ते खाऊ नका, ते खायचं नसतं.) जवसात ओमेगा-३ जातीचं तेल भरपूर असतं. माशातल्या ओमेगा-३ इतकं ते कामाचं नाही, कारण शरीरात त्याचा थोडाच भाग त्या रूपात बदलतो. पण सोयाबीन, सूर्यफुलासारखी ओमेगा-६ची तेलं जिथे रोज पळीनं पडतात, तिथे चमचाभर जवस म्हणजे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काहीतरी टाकणं आहे. अख्खा जवस पोटातून तसाच बाहेर जातो, तो कुटावाच लागतो. मंद आचेवर तडतडला की लगेच उतरवायचा, नाहीतर कडू होतो. मग लसूण, सुकी मिरची, मीठ, थोडं जिरं, आणि खलबत्ता. मिक्सर चालतो, पण थांबून थांबून फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. एका वेळी आठवड्यापुरतीच करा, जास्त ठेवली तर खवट वास येतो.

आणि गंमत ऐका. या दाण्याचं संशोधन शोधायला परदेशात जावं लागत नाही, ते नागपूरच्या कृषी महाविद्यालयातही चालतं. 'एनएल-९७' नावाचा वाण आहे, एनएल म्हणजे नागपूर लिनसीड. कोराडीपासून तासाभरावर वाण तयार होतो आणि कोराडीच्या कँटीनच्या परिशिष्टात त्याचं नाव येत नाही.

मी तेल कसं कमी केलं ते सांगायचं राहिलं. पहिल्या आठवड्यात अकरा डबे अर्धे परत आले. "ताई, तब्येत बरी नाही का? भाजी आजाऱ्याची वाटते." मग शिकले. कांदा-खोबरं तव्यावर कोरडं भाजायचं, मसाला पाणी शिंपडून परतायचा, रस्सा दाट करायला तीळ आणि जवसाचं कूट. वर तर्रीसाठी एकच चमचा तेल, त्यात तिखट घालून अगदी शेवटी. डोळ्यांना लाल दिसलं की जीभ गप्प बसते. तीन महिन्यांत चार पिप्यांचे अडीच झाले. बुधवारी आणि शनिवारी भाकरी सुरू केली, त्यासाठी दोन बाया ठेवल्या. वाचलेल्या तेलातून त्यांचा अर्धा पगार निघतो, अर्धा माझ्या खिशातून जातो. हा अर्धा पगार हेच ते भोक, जे तुमच्या सहीनं बुजेल.

माझं वजन सहा किलो उतरलं. जिना उतरताना आता कठडा धरावा लागत नाही. दुखणं गेलं का? नाही गेलं. थंडीत सकाळी अजून कुरकुरतं. एका बाईच्या एका टोंगळ्यावरून शास्त्र होत नाही हेही मला कळतं. म्हणूनच पुढची मागणी आहे.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं घरोघरी जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याची मोजणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड उपक्रमातली ती पाहणी. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के लोकांना असं दुखणं निघालं. पाचामागे जवळपास एक, आणि त्यांत बायका जास्त. हे काम गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी केलं, मोठी यंत्रं लागली नाहीत. कोराडी, महादुला, नांदा, सुरादेवी, खसाळा या गावांत आशाताई आहेत, नागपूरचं मेडिकल कॉलेज आणि एम्स तासाभरावर आहेत. एकदा मोजा. सोबत दोन प्रश्न जेवणाचे विचारा, एक पाण्याचा. पाण्याचा अशासाठी की जास्त फ्लोराइडच्या पाण्यानंही कंबर आणि सांधे ताठ होतात, आणि तो आजार म्हाताऱ्यांच्या वातासारखाच दिसतो. राखेच्या तलावांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला आपल्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल चावडीवर लावलेला दिसला पाहिजे, एवढंच म्हणते. २०२२च्या जुलैत खसाळ्यातल्या राखेच्या तलावाचा बंधारा फुटून राख शेतांत गेली, ते कुणी विसरलेलं नाही.

रेशनवाल्यांना थोडक्यात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्यही लिहिलेलं आहे. २०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला, शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल. दिवाळी गोड झाली, मीही शेजारणीची पिशवी उचलून आणून दिली. पण एखाद्या सणाला त्या पिशवीत साखरेऐवजी ज्वारी आणि जवस घालून पाहा.

आणि कँटीनवाल्या साहेबांना कायदाच आठवून देते. १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम ४६ अडीचशेहून जास्त कामगारांच्या जागी कँटीन ठेवायला लावत होतं, आणि कोणते पदार्थ द्यायचे, दर काय, व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी कसे असतील, हे नियमांनी ठरवायची सोयही त्यातच होती. २०२०च्या नव्या संहितेत हा आकडा शंभरावर आला आणि त्यात कंत्राटी कामगारही धरले. म्हणजे भाकरी कागदावर आणायला नवा कागद करावा लागत नाही. माणशी तेल किती ग्रॅम ते लिहा. तळणाचं तेल पुन्हापुन्हा वापरायचं नाही, मोठ्या प्रमाणावर तळण करणाऱ्यांनी त्याची नोंदवही ठेवायची, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, तो निविदेत उतरवा. मार्च ते जून कोल्ड्रिंकच्या जागी ताक, नाहीतर ज्वारीची आंबील. आठवड्याला दोन दिवस भाकरी, चमचाभर जवस, आणि त्या समितीत निदान एक बाई, जिनं स्वतः पन्नास माणसांचा स्वयंपाक केलेला आहे. दर थोडा चढेल. चढू द्या, एल-वनच्या पुढे डोकं चालवायलाच तुम्हाला त्या खुर्चीवर बसवलं आहे.

विश्वास बसत नसेल तर जेवायला या. बुधवारी भाकरी असते, सोबत अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि ताक. साडेबाराच्या आत या. नंतर डबेवाले घेऊन जातात आणि माझ्यासाठीही उरत नाही.

आपली,
महादुल्यातली एक मेसवाली